गॅलेक्टिन-३ पॉझिटिव्ह आलं म्हणजे कॅन्सरच का?

गॅलेक्टिन-३ हे पेशींतलं एक प्रथिन; थायरॉईडच्या गाठीत ते आहे का, हे रंगवून पाहतात. थायरॉईडमधला फॉलिक्युलर अ‍ॅडिनोमा ही साधी गाठ, तर फॉलिक्युलर कार्सिनोमा हा कॅन्सर. सुईने काढलेल्या पेशी मात्र दोन्हींत सारख्याच दिसतात, त्यामुळे एफएनएसी या सुईच्या तपासणीच्या रिपोर्टवर ‘फॉलिक्युलर निओप्लाझम, बेथेस्डा ४’ (फॉलिक्युलर गाठ, बेथेस्डा वर्गवारीतला चौथा गट) एवढंच येतं आणि बहुतेकदा थायरॉईडची ती बाजू काढूनच निदान करावं लागतं.

फरक असतो गाठीभोवतीच्या आवरणात. अ‍ॅडिनोमा आवरणाच्या आतच राहतो. कार्सिनोमा आवरण आरपार भेदतो किंवा तिथल्या रक्तवाहिनीत शिरतो, आणि रक्तावाटे फुफ्फुसांत, हाडांत पोहोचू शकतो. म्हणून शक्य असेल तर संपूर्ण आवरणाचे तुकडे घेऊन तपासावेत. दोन-चार तुकड्यांवर ‘अ‍ॅडिनोमा’ म्हणून मोकळं होणं मला धोक्याचं वाटतं.

मग आयएचसीचा, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं तपकिरी रंगवून दाखवणाऱ्या तपासणीचा, उपयोग काय? थायरोग्लोब्युलिन आणि टीटीएफ-१ ही थायरॉईड पेशींची ओळख सांगणारी प्रथिनं साधारणपणे दोन्हींत पॉझिटिव्ह येतात, त्यामुळे इथे ती निरुपयोगी. हाडातली गाठ मुळात थायरॉईडची आहे का, हे ठरवताना मात्र तीच कामी येतात.

खरा गोंधळ गॅलेक्टिन-३ आणि एचबीएमई-१ या दोन मार्करांचा (रंगवून पाहायच्या खुणांचा). कार्सिनोमात ते जास्त वेळा दिसतात हे खरं, पण काही अ‍ॅडिनोमांतही दिसतात आणि काही कार्सिनोमांत दोन्ही निगेटिव्ह येतात. शिवाय गॅलेक्टिन-३ मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशींतही असतं, त्यामुळे गाठीत पूर्वी रक्तस्राव झाला असेल तर तिथे जमलेल्या या पेशी तपकिरी रंगतात. ऑन्कोसायटिक (मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेल्या) पेशींत मूळचंच बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर असतं. अशा वेळी बायोटिनवर आधारलेली रंगवण्याची पद्धत वापरली, तर प्रथिन नसतानाही रंग येतो. तपकिरी दिसलं की पॉझिटिव्ह, असं म्हणता येत नाही ते यामुळे.

माझ्या मते इथे सर्वांत कामाचा मार्कर गाठीच्या पेशींचा नाहीच. सीडी३१ रक्तवाहिनीचं अस्तर रंगवतो, आणि गाठ खरंच वाहिनीत शिरली आहे की कापताना पेशी नुसत्या फटीत सरकल्या आहेत, ते ठरवायला मदत होते.

म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी ‘कॅप्सुलर इन्व्हेजन’ (आवरणातला शिरकाव) आणि ‘व्हॅस्क्युलर इन्व्हेजन’ (रक्तवाहिनीतला शिरकाव) या ओळी शोधा. वाहिन्यांची संख्याही पाहा, कारण ४ किंवा जास्त वाहिन्यांत शिरकाव असेल तर धोका वाढतो. या ओळीच नसतील, तर आवरण किती तपासलं हे पॅथॉलॉजिस्टना जरूर विचारा.