मेंदूविकारांच्या प्रकल्पासाठी ट्रस्टकडे निधी मागताय? आधी ठरवा, संशोधन की सेवा

चंदगड, आजरा, शाहूवाडीकडून कोल्हापुरात न्यूरॉलॉजिस्टकडे येणाऱ्या फिटच्या, म्हणजे मिरगीच्या रुग्णांची कहाणी बहुतेक वेळा एकच असते. गोळ्या सुरू होतात, काही महिने फिट येत नाही, घरचे म्हणतात ‘आता बरं आहे की’, आणि गोळ्या बंद पडतात. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे. एका खेपेला रुग्णाचा आणि सोबत आलेल्याचा, दोघांचाही रोजगार बुडतो. मग एक दिवस फिट परत येते, कधी चुलीपाशी, कधी विहिरीच्या काठावर.

हे वर्षानुवर्षं बघणारा एखादा डॉक्टर मनाशी ठरवतो की आशाताईंना शिकवू, गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळतील असं बघू आणि तपासणी व्हिडिओ कॉलवर करू. कल्पना चांगली आहे आणि त्यासाठी पैसे देणारे ट्रस्ट, कंपन्याही आहेत. तरीही असे अर्ज परत येतात, कारण एकाच अर्जात दोन वेगळे प्रकल्प मिसळलेले असतात. संशोधनाला पैसे देणाऱ्याला त्यात प्रश्न सापडत नाही. सेवेला पैसे देणाऱ्याला वाटतं, हे तर प्रयोग करायला निघालेत.

फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो. हा उपाय लागू पडतो, हे आधीच माहीत आहे का?

फिनोबार्बिटोन ही फिटवरची गोळी १९१२ पासून वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट औषध मिळालं तर मिरगीच्या १०० पैकी ७० पर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. इथे सिद्ध करण्यासारखं काही उरलेलं नाही. गोळी माणसापर्यंत पोचत नाही, एवढीच अडचण आहे. ती पोचवायची योजना म्हणजे सेवा प्रकल्प. इथे देणारा विचारतो की किती गावं, गोळ्या कोण देणार, साठा संपला तर काय आणि आमचे पैसे थांबल्यावर कोण चालवणार. या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक अर्जांत ‘लोकसहभागातून’ असं मोघम उत्तर असतं. त्याऐवजी गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातला एक दिवस या रुग्णांसाठी ठरवून घेतला आणि त्याचं लेखी पत्र अर्जाला जोडलं, तर त्याचं वजन वेगळंच पडतं.

आता दुसरी कल्पना घ्या. घरच्यांनी मोबाइलवर काढलेला झटक्याचा व्हिडिओ बघून प्रशिक्षित आशाताई खरी मिरगी आणि मानसिक ताणातून येणारे झटके यांतला फरक ओळखू शकतील का? याचं उत्तर ‘हो’ येईल की ‘नाही’, हे सुरुवातीला कोणी सांगू शकत नाही. म्हणून हे संशोधन. इथे अर्जात गावांची यादी देऊन भागत नाही. प्रश्न एका वाक्यात मांडावा लागतो. किती रुग्ण घेणार आणि तेवढेच का, आशाताईंचं निदान कशाशी ताडून बघणार, ताडून बघणाऱ्या तज्ज्ञाला आशाताईंचं मत माहीत नसेल याची काळजी कशी घेणार, हे सगळं लिहावं लागतं. यासाठी संख्याशास्त्राचा माणूस अर्ज लिहितानाच हवा, माहिती गोळा झाल्यावर नाही. आणि उत्तर ‘नाही’ आलं तरी काम पूर्ण झालं असं मानणारा दाता हवा. सेवेचा दाता असं मानणार नाही, आणि त्याचं काही चुकतही नाही.

पैसा कुठून येतो, यावरही बरंच अवलंबून आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, आदल्या आर्थिक वर्षात ५ कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर (यालाच सीएसआर म्हणतात) खर्च करावी लागते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावातल्या एखाद्या फाउंड्रीचा सरासरी नफा ६ कोटी असेल, तर ही रक्कम होते १२ लाख. ५० लाखांपर्यंत वेगळी सीएसआर समितीही लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. म्हणजे तुमचा अर्ज वाचणारी माणसं डॉक्टर नसतात, कारखानदार असतात. त्यांना गोळ्या, रुग्ण, गावं लगेच कळतात.

हा पैसा कशावर खर्च करता येतो, याची यादी याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. तिच्यात आरोग्यसेवा एका नोंदीत आहे आणि वैद्यकीय संशोधन दुसऱ्या. संशोधनाच्या नोंदीत सरकारी पैशावर चालणारे संशोधन प्रकल्प, सार्वजनिक विद्यापीठं, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सारख्या संस्था येतात. त्यामुळे खासगी ट्रस्टच्या रुग्णालयाने निव्वळ संशोधनाचा अर्ज घेऊन सीएसआरकडे जाणं अवघड. तिथे शिवाजी विद्यापीठासारखी सार्वजनिक संस्था मुख्य अर्जदार असेल तर वाट मोकळी होते. सेवेसाठी मात्र नोंदणीकृत ट्रस्टला वाव आहे. त्यासाठी आयकर कायद्याखालच्या १२एबी आणि ८०जी या नोंदण्या, तीन वर्षांच्या कामाचा दाखला आणि एप्रिल २०२१ पासून सक्तीची झालेली, सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थांसाठीची सीएसआर-१ नोंदणी लागते. ही कागदपत्रं अर्जाआधी तयार ठेवा. परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची परवानगी, आणि परदेशी भागीदारासोबत संशोधन असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते.

मेंदूच्या मूलभूत संशोधनाला धीराने पैसा देणारे दाते भारतात आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र क्रिस गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा ट्रस्टच्या देणगीतून उभं राहिलं. वेलकम ही १९३६ ची ब्रिटिश धर्मादाय संस्था आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग मिळून चालवत असलेली इंडिया अलायन्स डॉक्टरांनाही संशोधनासाठी फेलोशिप देते. पण तिथली स्पर्धा देशभरातल्या संस्थांशी असते. तालुक्यात गोळ्या वाटायची योजना तिथे पाठवून उपयोग नाही.

बजेट बघितलं तरी कोणता प्रकल्प आहे ते ओळखू येतं. संशोधनात मोठा खर्च माणसांवर होतो, म्हणजे रिसर्च फेलो, माहिती भरणारे, विश्लेषण करणारे. सेवेत तो औषधं, प्रवास आणि आशाताईंच्या मानधनावर होतो. दोन्हीकडे एक मोह सारखाच दिसतो, तो म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख काढणारं ईईजी मशीन मागण्याचा. मशीनपुढे फोटो चांगला येतो, दात्याच्या नावाची पाटी लागते. पण टेक्निशियन कोण आणि रिपोर्ट कोण वाचणार, हे अर्जात नसेल तर ते मशीन कोपऱ्यात पडणार. माझं स्पष्ट मत आहे की तालुका पातळीवर ते पैसे आधी गोळ्यांच्या अखंड पुरवठ्यावर जावेत.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एथिक्स कमिटीबाबत, म्हणजे संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातंय का हे तपासणाऱ्या समितीबाबत. काही जण परवानगीची कटकट नको म्हणून संशोधनाला ‘सेवा’ म्हणतात, आणि वर्षभराने त्याच रुग्णांच्या माहितीवर पेपर लिहायला घेतात. हे रुग्णाला फसवणं आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसांवरच्या संशोधनाला सुरू होण्याआधी एथिक्स कमिटीची मान्यता हवी. उपचार-चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआय या उपचार-चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणीही करावी लागते. मेंदूविकारांत संमतीचा प्रश्न जास्तच नाजूक असतो. पक्षाघातानंतर बोलता न येणारा माणूस, स्मृतिभ्रंश झालेली आजी यांची संमती कोण आणि कशी देणार, हे अर्जातच लिहायला हवं.

सेवा प्रकल्पाला ही मान्यता लागत नसली, तरी गुप्ततेची जबाबदारी सुटत नाही. हिंदू विवाह कायद्यात लग्नाला अडसर म्हणून मिरगीचा उल्लेख १९९९ पर्यंत होता. तो त्या वर्षी काढला, पण गावातली भीती कायद्याबरोबर गेलेली नाही. लग्नाच्या मुलीच्या दारात ‘फिट प्रकल्प’ लिहिलेली पिशवी घेऊन आशाताई उभी राहिली, तर ती मुलगी पुढच्या महिन्यापासून गोळ्या घेणार नाही. पिशवीवर काहीही न छापणं हा बिनखर्चाचा निर्णय आहे, आणि तो अर्जात लिहिला तर वाचणाऱ्याला कळतं की या लोकांना गाव माहीत आहे.

एकाच कामात दोन्ही हवं असेल, म्हणजे गोळ्याही पोचवायच्या आहेत आणि पोचवण्याची ही रीत नेहमीच्या रीतीपेक्षा सरस आहे का तेही तपासायचं आहे, तर दोन अर्ज करा, दोन वेगळ्या दात्यांकडे. एकमेकांचा उल्लेख दोन्हींत उघडपणे असावा, आणि एकच खर्च दोन्हीकडे दाखवलेला नसावा. सेवेच्या पहिल्या वर्षाच्या नोंदींवरून संशोधनाला किती रुग्ण लागतील याचा अंदाज बांधता येतो. मात्र त्या नोंदी पुढे संशोधनात वापरायच्या असतील, तर एथिक्स कमिटीची मान्यता आणि रुग्णाची मराठीतली संमती, दोन्ही रजिस्टरमध्ये पहिलं नाव लिहिण्याआधी घेतलेली हवीत.