कण्याची आघातोत्तर स्थिरता (छाती-कमर विभाग)

उंचावरून पडल्याने किंवा वाहन-अपघातात पाठीचा मणका मोडल्यास, मज्जारज्जूला वा मज्जातंतूंना नवी इजा न होता, कुबड न वाढता आणि असह्य वेदना न होता कणा नेहमीचा भार पेलू शकेल काय, याचा निर्णय म्हणजे स्थिरतेचे मूल्यमापन होय. बरगड्यांनी जखडलेला छातीचा कणा जेथे संपतो आणि लवचिक कमर सुरू होते, त्या अकराव्या वक्षीय ते दुसऱ्या कटी मणक्यांच्या पट्ट्यात या दुखापती सर्वाधिक आढळतात. मज्जारज्जूचे टोकही साधारणतः तेथेच असल्याने चूक महागात पडते.

शेफील्डचे शल्यचिकित्सक फ्रँक होल्ड्सवर्थ यांनी १९६३ मध्ये स्थिरता ठरवताना मागील अस्थिबंधांवर (हाडे एकमेकांना बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांवर) भर दिला. १९८३ मध्ये फ्रान्सिस डेनिस यांनी कण्याचे तीन स्तंभ कल्पिले: मणक्याच्या भरीव मुख्य भागाचा पुढचा अर्धा, त्याचाच मागचा अर्धा, आणि कमानीसह मागील सांधे व अस्थिबंध. दोन स्तंभ निकामी झाले की कणा अस्थिर, हा त्यांचा नियम सोपा म्हणून रुजला. परंतु पुढच्यासह मधला स्तंभही फुटलेले, मज्जातंतू शाबूत असलेले अनेक रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात, त्यामुळे तो नियम जसाच्या तसा लावता येत नाही.

२००५ मध्ये व्हॅकारो व सहकाऱ्यांनी मांडलेल्या गुणपद्धतीत तीन गोष्टींना गुण आहेत. मोडीच्या स्वरूपात साध्या दबलेल्या मणक्याला १, फुटलेल्याला २, सरकलेल्याला वा पिळलेल्याला ३ आणि ताणून फाटलेल्याला ४ गुण मिळतात. मागील अस्थिबंध शाबूत असल्यास ०, संशयास्पद असल्यास २, तुटल्यास ३. मज्जातंतूंच्या स्थितीत मज्जारज्जूची अपूर्ण इजा (३) पूर्ण इजेपेक्षा (२) अधिक गुण घेते, कारण तेथे वाचवण्याजोगे बरेच उरलेले असते. बेरीज ३ पर्यंत असल्यास सहसा पट्टा व विश्रांती, ५ वा अधिक असल्यास शस्त्रक्रिया सुचवली जाते. ४ वर निर्णय शल्यचिकित्सकाचा.

खरी अडचण अस्थिबंधांची आहे. हाडाची मोड सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते, अस्थिबंध दिसत नाहीत; मणक्यांच्या मागील काट्यांसारख्या टोकांमधील वाढलेले अंतर किंवा बोटांना जाणवणारी खाच एवढेच सूचक असते. एमआरआय मदत करतो, मात्र नुसती सूज तुटीसारखी भासू शकते. शिवाय आडव्या रुग्णाचा मणका बऱ्याचदा जागेवर बसलेला दिसतो, म्हणून शस्त्रक्रिया टाळायची ठरल्यास पट्टा बांधून उभ्याने एक्स-रे काढतात. त्यात बाक वाढलेला आढळल्यास निर्णय फिरवावा लागतो.