बालचरित्राधारे भाषाशिक्षण

मुलांसाठी लिहिलेले एखाद्या व्यक्तीचे छोटे चरित्र हाच पाठ धरून त्यातून प्राथमिक वाचन, शुद्धलेखन व व्याकरण शिकवण्याची रीत. वाचनमालेत एखाददुसरा चरित्रपर धडा असणे नित्याचेच आहे. येथे अभिप्रेत आहे ते एकच चरित्र काही आठवडे वर्गात हाती ठेवून त्याच्याच वाक्यांतून लिंग, वचन, काळ, विभक्ती आणि प्रयोग उलगडत नेणे. या नोंदीत सोयीसाठी तिला चरित्रपाठ म्हटले असून विवेचन मुख्यतः पुण्यापुरते आहे.

उगम : या रीतीचे मूळ कोठे मानावे याविषयी तीन मते संभवतात. पहिले मत युरोपातील लॅटिन शिक्षणाकडे बोट दाखवते. इ. स. पू. पहिल्या शतकातील कॉर्नेलियस नेपॉस याची सेनापतींची छोटी चरित्रे (ही दीर्घकाळ एमिलियस प्रोबस याच्या नावावर चालत होती) सोप्या वाक्यरचनेमुळे नवशिक्यांच्या हाती दिली जात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लोमाँ या फ्रेंच अध्यापकाने रोमन पुरुषांच्या चरित्रांचे खास विद्यार्थ्यांसाठी पुस्तक रचले.

दुसरे मत महानुभाव परंपरेचे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रातून (परंपरेने तेराव्या शतकाची अखेर) केसोबासांनी पंथप्रवर्तक चक्रधरांची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. त्या सूत्रांच्या उलगड्यासाठी भीष्माचार्यांचे पंचवार्तिक झाले, आणि त्याला मराठीतील पहिले व्याकरण म्हणण्याचा प्रघात आहे. चरित्रातून सूत्र आणि सूत्रातून व्याकरण, ही साखळी मोह पाडणारी खरी. पण ती पंथातील प्रौढ अभ्यासकांसाठी होती आणि हे वाङ्मय सांकेतिक लिप्यांत बंद राहिले. बालशिक्षणाशी तिचा धागा जोडणे अवघड आहे.

तिसरे मत एकोणिसाव्या शतकातील पुण्याकडे येते, आणि तेच अधिक सयुक्तिक दिसते. पंतोजींच्या शाळेत ओनामा, धुळाक्षरे, पाढे आणि मोडी वळण यांवर भर होता. सलग गद्य पाठ असा नव्हता. छापील मराठी पुस्तके आली तीही आधी कथांची. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि इसापनीती ही त्या पिढीची. चरित्रे दोन दशकांनी मागून आली : महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘कोलंबसाचा वृत्तांत’ (१८४९) आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे सॉक्रेटिसाचे चरित्र (१८५२). याच सुमारास बंगालीत ईश्वरचंद्र विद्यासागरही इंग्रजीवरून शालोपयोगी चरित्रे तयार करीत होते.

व्याकरणाचा प्रवाह स्वतंत्रपणे चालला होता. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६चे. मराठी गद्यात विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय सामान्यतः पुण्यातच अध्यापन केलेल्या मेजर कँडी यांना दिले जाते. हे दोन प्रवाह एका माणसाच्या हाती एकत्र आले ते कृष्णशास्त्र्यांच्या. ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख होते, शालापत्रक हे मासिक चालवीत होते, त्यात दादोबांची मते तपासणारे व्याकरणविषयक निबंध लिहीत होते आणि चरित्रकारही होते. चरित्रपाठाचा आरंभ एका वर्षाला बांधता येत नाही. पण त्याची पूर्वतयारी या वर्तुळात झाली असे मानण्याकडे प्रस्तुत लेखकाचा कल आहे.

व्याकरणदृष्ट्या योग्यता : चरित्र मराठी व्याकरणाला विशेष मानवते, याचे कारण त्याच्या काळात आहे. चरित्र भूतकाळात आणि तृतीयपुरुषात चालते. आणि मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात आले की बहुधा कर्त्याला सोडून कर्मामागे जाते. ‘सावित्रीबाई शाळेत निघाल्या’ हा कर्तरी. ‘लोकांनी चिखल फेकला, माती फेकली, दगड फेकले’ हा कर्मणी. कर्ता तोच, क्रियापद तीनदा बदलले. ‘लोकांनी सावित्रीबाईंना अडवले’ हा भावे, येथे क्रियापद कोणाचेच ऐकत नाही. मुलांना ठाऊक असलेल्या एकाच प्रसंगात तिन्ही प्रयोग आपसूक हजर होतात. वर्तमानकाळात चालणाऱ्या धड्यातून ही सामग्री मिळणे कठीण. संकर (दोन प्रयोगांची मिसळ असलेले) प्रयोग वेगळे मानावेत की नाही हा वैयाकरणांचा वाद प्राथमिक वर्गात आणण्याचे कारण नाही. ‘तू पाटी घेतलीस’ यातला शेवटचा ‘स’ मुले न शिकवता बोलतात.

याच प्रसंगात एक अडचण दडलेली आहे. ‘शेण फेकले’ आणि ‘दगड फेकले’ ही क्रियापदे आज लेखनात एकसारखी दिसतात, पण पहिले नपुंसकलिंगी एकवचन आहे आणि दुसरे पुल्लिंगी अनेकवचन. जुन्या लेखनात पहिल्यावर अनुस्वार असे (‘फेकलें’) आणि डोळ्यांना फरक कळे. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांना १९६२मध्ये शासनाची मान्यता मिळाली आणि असे अनुच्चारित अनुस्वार गेले. लेखन सोपे झाले हे मान्य, पण ही खूण हरवली. तिच्यावरचा उपाय मुलाच्या तोंडातच आहे. वाक्य बोलून दाखवायला सांगितले की मूल ‘शेण फेकलं’ म्हणते आणि ‘दगड फेकले’ म्हणते. लेखनात पुसलेला भेद बोलण्यात शाबूत आहे. म्हणून चरित्रपाठात प्रकट वाचनानंतर लगेच ‘आता घरच्यासारखे सांग’ ही पायरी ठेवावी. ती गाळली तर लिंग-वचन हे कोष्टक पाठ करण्यापुरते उरते.

आदरार्थी अनेकवचन हा दुसरा लाभ. चरित्रनायक मोठा होतो तसे त्याचे क्रियापदही बदलते. ‘जोती शेतात काम करू लागला’ असे पहिल्या पानांवर येते आणि पुढे ‘जोतीरावांनी शाळा काढली’, ‘जोतीराव म्हणाले’. सावित्री ‘नायगावात वाढली’, सावित्रीबाई मात्र ‘पुण्यात आल्या’. हा बदल नेमका कोणत्या पानावर होतो ते मुलांना शोधायला लावणे हा उत्तम स्वाध्याय आहे. लेखकाने व्यक्तीला कोणत्या क्षणी मोठे मानले हेही त्यातून उमगते. नावाच्या ‘जोतीराव’, ‘जोतिराव’, ‘ज्योतिराव’ अशा तिन्ही रूपांची गाठ मुलांना पडते. चरित्राच्या पुस्तकातले रूप वर्गात एकसारखे वापरावे.

चरित्रातला प्रसंग ‘मी’ धरून पुन्हा लिहिणे, म्हणजे प्रथमपुरुषी रूपांतर, सर्वपरिचित आहे. त्यात एकच मेख : मुलगी ‘मी शाळेत गेले’ लिहील, मुलगा ‘मी शाळेत गेलो’, पण ‘मी पाटी घेतली’ दोघांचे सारखेच. येथे ‘ने’ प्रत्यय गळतो आणि कर्मणी प्रयोग टिकतो.

पुण्यातील चरित्रे : फुले दांपत्याची चरित्रे येथे अधिक वापरली जातात, कारण वाक्यातले स्थळ चालत जाऊन पाहता येते. गंज पेठेतील फुलेवाडा, बुधवार पेठेतील भिडेवाड्याची जागा (जुनी इमारत डिसेंबर २०२३मध्ये स्मारकासाठी पाडली गेली). तेथील मुलींची शाळा १८४८ची. महिन्याविषयी चरित्रकारांत मतभेद असल्याने मुलांना वर्ष तेवढे सांगणे बरे. अशा फेरीनंतर सामान्यरूपाचा (प्रत्यय लागताना शब्दात होणाऱ्या बदलाचा) तास घ्यावा : वाडा, वाड्यात, पेठ, पेठेत, पुणे, पुण्याला. ‘पुणेला’ लिहिणारे मूल बहुधा हा शब्द पाटीवरूनच वाचून शिकलेले असते.

बालभारतीची (पाठ्यपुस्तक मंडळ, स्थापना पुणे, १९६७) पुस्तके वर्गात असतातच. चरित्र त्यांच्या जोडीला येते. ‘किशोर’ मासिकाचे (१९७१पासून) जुने अंकही उपयोगी पडतात.

मर्यादा : चरित्रात भविष्यकाळ आणि आज्ञार्थ तुरळक, द्वितीयपुरुष संवादापुरता. हे भाग अन्य पाठातून भरून काढावे लागतात. जन्ममृत्यूच्या सनावळीने भरलेले चरित्र या कामी निरुपयोगी. त्यात ‘झाला’, ‘झाली’ यांखेरीज क्रियापद सापडत नाही. निवड करताना पुस्तकाची कोणतीही दोन पाने उघडून क्रियापदे मोजावीत. फेकले, अडवले, शिवले, उपसले अशी हाताने करायची क्रियापदे मिळाली तर ते चरित्र वर्गात चालते.