फॉस्फरस (स्फुरद)

नत्र, स्फुरद, पालाश या खतांच्या त्रिकुटातला मधला तो फॉस्फरस. चिन्ह पी, अणुक्रमांक 15. स्फुरद हे नाव मला फॉस्फरसपेक्षा जास्त आवडतं, दोन्हीत उजेडाचीच गोष्ट आहे. 1669 मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांडने सोनं मिळेल या आशेने बादल्याच्या बादल्या मूत्र आटवलं आणि हाती आला तो अंधारात हिरवट चमकणारा मेणासारखा पदार्थ, म्हणजे पांढरा फॉस्फरस.

हा पांढरा प्रकार भलताच तापट. 44 अंशांना वितळतो, उघड्यावर ठेवला तर उन्हाळ्यातल्या साध्या तापमानालाही पेट घेऊ शकतो म्हणून पाण्यात बुडवून ठेवतात, वास लसणासारखा आणि वर जबरी विषारी. आधी काड्यापेटीत हाच असायचा, कारखान्यातल्या कामगारांची जबड्याची हाडं सडायची, शेवटी भारतातही 1913 च्या कायद्याने अशा काड्यांवर बंदी आली. तोच हवा न लागू देता तापवला की लाल फॉस्फरस होतो, तो बराच शांत. घरातली काड्यापेटी बघा, लाल फॉस्फरस काडीच्या गुलात नसतो, बाजूच्या तपकिरी खरखरीत पट्टीत असतो, म्हणून काडी भिंतीवर कितीही घासा, पेटत नाही. काळा प्रकारही आहे, ग्राफाइटसारखा थरांचा.

निसर्गात मात्र हा सुटा कधीच सापडत नाही, ऑक्सिजनशी लगेच जुळतो, त्यामुळे मिळतो तो फॉस्फेट म्हणून, मुख्यतः अ‍ॅपेटाइट खनिजात. सगळ्यात मोठे साठे मोरोक्कोकडे, आपल्याकडे उदयपूरजवळ झामरकोटरा इथे खाण आहे. आपल्या अंगातही 700 ग्रॅमच्या आसपास असतो, बहुतेक हाडं आणि दातांत.

जमिनीत याचा स्वभाव अगदीच चिकट. युरियासारखा पाण्याबरोबर वाहत नाही, चुनखडीच्या रानात कॅल्शियमला धरून बसतो आणि जमिनीत असूनही पिकाला मिळत नाही, मग मक्याची पानं जांभळी पडतात. म्हणून तो वरून फेकण्यात अर्थ नाही, दोन चाड्यांच्या पाभरीने (एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत पेरणारं अवजार) बियाण्याजवळच पडला पाहिजे. आणि डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खताच्या पोत्यावरचं 46 टक्के वाचून फसू नका, तो आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा आहे, 50 किलोच्या पोत्यात खरा फॉस्फरस निघतो जेमतेम 10 किलो.