बारभाई कारस्थान

पेशवे रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा यास पदावरून दूर सारण्यासाठी पुण्याच्या कारभाऱ्यांनी १७७४ च्या सुमारास केलेली एकजूट व तीतून उद्भवलेला, १७८२ पर्यंत चाललेला राजकीय पेच. ‘कारस्थान’ हा शब्द त्या काळी राजकारणी मसलत या अर्थानेही चाले. आजचा कपटाचा रंग त्यावर सरसकट चढवू नये. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे यांची नावे ठळकपणे येतात. उरलेल्यांबाबत याद्या जुळत नाहीत. ‘बारभाईची खेती’ या म्हणण्याप्रमाणे येथेही ‘बार’ म्हणजे ‘पुष्कळ’ असे घेणे सयुक्तिक दिसते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याचा खून केला. रघुनाथरावाने पुतण्याला धरण्यापुरताच हुकूम दिला होता, आनंदीबाईने ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही हकीकत सर्वपरिचित आहे. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासातही ती येते. मूळ चिठ्ठी मात्र अभ्यासकांपुढे नाही. शिवाय ‘ध’चा ‘मा’ करणे म्हणजे एक अक्षर बदलून वर एक काना घुसवणे. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि तिच्याखाली शब्द न तोडता अक्षरे सलग लिहीत जातात. अशा ओळीत ‘ध’ आणि ‘र’ यांच्यामध्ये कान्यापुरती जागा सहसा उरत नाही. मोडी दप्तर हाताळणाऱ्यास ही अडचण चटकन जाणवते. रामशास्त्री प्रभुणे यांच्या चौकशीत दोष रघुनाथरावाकडेच गेला, ही परंपरा ध्यानात घेता जबाबदारी त्याची मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. आनंदीबाईवरचा आरोप न सापडलेल्या कागदावर उभा आहे, हे येथे स्पष्ट नोंदवणे अगत्याचे आहे.

खुनानंतर साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे रघुनाथरावाला मिळाली. तो स्वारीवर असताना कारभाऱ्यांनी नारायणरावाची गरोदर विधवा गंगाबाई हिला पुरंदरावर नेऊन तिच्या नावे कारभार सुरू केला. १८ एप्रिल १७७४ रोजी तिला मुलगा झाला आणि वस्त्रे त्या तान्ह्या सवाई माधवरावास मिळाली. रघुनाथरावाने पद सोडलेले नव्हते. एकाच गादीची वस्त्रे दोघांकडे, हा या पेचाचा गाभा होय.

मुंबईकर इंग्रजांचा डोळा मुंबईलगतचे साष्टी बेट आणि वसई यांवर आधीपासून होता. १७७२ मध्ये मॉस्टिन या वकिलास पुण्यास पाठवण्यामागे हाच हेतू होता. तेव्हाची मुंबई माहीमच्या खाडीशी संपे. शीव हे नावच सीमेचे. तेथील किल्ल्यावरून पलीकडे दिसे तो मुलूख १७३७ पासून मराठ्यांचा. कुर्ला, अंधेरी, बोरिवली हे सारे साष्टीतच येते. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. त्या वेढ्यात त्यांचा कमोडोर वॉटसन जखमी होऊन मरण पावला. याच किल्ल्यात आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. रघुनाथरावाने साष्टी व वसई देऊ करणारा सुरतेचा तह ६ मार्च १७७५ चा, म्हणजे ठाणे पडल्यानंतरचा. तहामुळे साष्टी गेली, असे लिहिण्याची सवय यामुळेच दुरुस्त करावी लागते.

मुंबईकरांवर अधिकार असलेल्या कलकत्त्याच्या इंग्रज कौन्सिलने हा तह अमान्य करून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. मुंबईने तो मनापासून पाळला नाही आणि रघुनाथरावास आश्रय दिला. १७७८ च्या अखेरीस त्याला बरोबर घेऊन मुंबईचे सैन्य बोरघाट चढले. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. शत्रू असूनही त्याच्या धाडसामुळे मराठ्यांनी त्यास ‘इष्टुर फाकडा’ म्हटले आणि मावळात ते नाव अजून टिकून आहे. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजांना नमते घ्यावे लागले. तो करार पुढे त्यांनी नाकारला.

१७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने सवाई माधवरावाचे पद मान्य झाले व रघुनाथरावास दरमहा २५,००० रुपये ठरले. १७८३ मध्ये तो कोपरगाव येथे वारला. वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मिळाली नाही. १८५३ मध्ये बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी शीव ओलांडून ठाण्यास गेली ती याच मुलखातून.