सात-बारावरचे 1.20 म्हणजे नेमके किती? विदर्भातल्या जमीनमापाची पार्श्वभूमी

वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर माती काळीच, कापूसही तोच. पण जुने जमिनीचे कागद मात्र वेगवेगळे. पश्चिमेकडे वऱ्हाड, पूर्वेकडे नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर). एकराचे हेक्टर करताना बरेच जण थेट गुणाकाराला बसतात. माझ्या मते त्याआधी कागद कोणत्या बाजूचा आणि कोणत्या काळातला, हे पाहिले पाहिजे.

बिघ्याचा काळ थोडक्यात सांगतो. 1596 च्या सुमारास वऱ्हाड मोगलांकडे गेला. अकबराचा बिघा 60 गज लांब, 60 गज रुंद. मराठी राज्यात 20 चौरस काठ्यांचा पांड, 20 पांडांचा बिघा आणि 120 बिघ्यांचा चाहूर चाले. काठीची लांबी सगळीकडे सारखी नव्हती, त्यामुळे बिघाही सारखा नव्हता. उत्तर भारतातला बिघा धरून आपल्याकडच्या जुन्या सनदेचा हिशोब कधीही करू नये.

आजच्या गोंधळाचे मूळ इंग्रजी अमलात आहे. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. तिथली मोजणी मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीने झाली, म्हणजे सारा थेट शेतकऱ्यावर बसला. या पद्धतीत साखळी 33 फुटांची आणि तिचे भाग 16 आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे गुंठा, 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर, 43,560 चौरस फूट.

नागपूरचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले. तिथे मालगुजारी बसली, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरू लागला, गावाचा खसरा (शेतवार नोंदवही) पटवाऱ्याकडे आला आणि एकराचे भाग गुंठ्यात नव्हे, दशांशात लिहिले जाऊ लागले. एकराचा शंभरावा हिस्सा तो डिसमिल, 435.6 चौरस फूट. नागपूरकडच्या खरेदीखतांत आजही ‘मौजा’ (गाव), ‘ख.क्र.’ (खसरा क्रमांक), ‘प.ह.नं.’ (पटवारी हलका नंबर) दिसतात, ती त्याच कारभाराची खूण. पुढे 1903 नंतर दोन्ही भाग एकाच प्रांतात आले, तरी महसुलाचे कायदे निराळेच राहिले. वऱ्हाडाला 1928 ची स्वतंत्र महसूल संहिता होती.

आता समजा, कागदावर 1.20 लिहिले आहे. वऱ्हाडातल्या जुन्या उताऱ्यात ते 1 एकर 20 गुंठे, म्हणजे दीड एकर. आजच्या मापात सुमारे 60.7 आर (हेक्टरचा शंभरावा भाग म्हणजे आर). नागपूरकडच्या जुन्या खसऱ्यात तेच 1 एकर 20 डिसमिल, म्हणजे 48 गुंठे, सुमारे 48.6 आर. आणि आजच्या सात-बारावर ते 1 हेक्टर 20 आर, म्हणजे जवळजवळ 2 एकर 38.6 गुंठे. आकडा एकच, शेते तीन! वाटणीच्या वेळी भावाभावांत यावरून तंटा झाला तर त्यात कुणाची लबाडीच असते असे नाही, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा. त्याच वर्षी विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्रात. पुढे उताऱ्यावर हेक्टर-आर आले, पण बोलीतून एकर गेला नाही. कपाशीच्या बियाण्याची थैली एकराच्या हिशेबाने घेतात, पिकाचे उत्पन्न ‘एकरी इतके क्विंटल’ असेच विचारतात. नुकसानभरपाई मात्र हेक्टरी जाहीर होते. 1 हेक्टर म्हणजे 2.471 एकर, 1 एकर म्हणजे 40.47 आर. गुंठा (101.17 चौरस मीटर) आणि आर (100 चौरस मीटर) इतके जवळ आहेत की घरगुती अंदाजाला एकच धरले तरी चालते. खरेदीखतात चालत नाही: 40 गुंठ्यांना 40 आर लिहिले तर सुमारे 47 चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फूट जागा कागदावरून जाते.

आणखी एक गोष्ट. सात-बारावर पोटखराब वेगळे दाखवलेले असते. नाला, खडक असे लागवडीला निरुपयोगी क्षेत्र त्यात येते. पेऱ्याचा हिशेब करताना आधी ते एकूण क्षेत्रातून वजा करावे आणि मगच एकर काढावेत.