ठळक अक्षरांतला आकडा

'मामा, बिलिरुबिन २.३ आलंय. झोपलास का?'

रात्री पावणेअकराला भाच्याचा हा निरोप. बिलिरुबिन म्हणजे रक्तातलं पिवळं द्रव्य, फार वाढलं की कावीळ दिसते. नव्या नोकरीआधीची तपासणी होती. सकाळी रक्त दिलं, संध्याकाळी रिपोर्टची पीडीएफ मोबाइलवर आली, आणि डॉक्टरांची वेळ परवाची. मी फोन लावला तोवर कावीळ, हिपॅटायटीस, पित्तनलिकेतला खडा अशी स्टेशनं मागे टाकत पठ्ठ्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाला पोचला होता. वय वर्षं २६. मध्येच एका ब्रिटिश संकेतस्थळावर त्याला बिलिरुबिनची वरची मर्यादा २१ दिसली, तेव्हा 'म्हणजे माझं फारच कमी आहे की काय' अशी वेगळीच धास्ती बसली. तिकडे ते मायक्रोमोलमध्ये मोजतात, आपण मिलिग्रॅममध्ये. त्याचे २.३ तिथे ३९ झाले असते.

मी डॉक्टर नाही. पण प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या हाताळण्यात बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे नातेवाइकांचे असे फोन मला नवे नाहीत. विचारलं, 'डायरेक्ट किती आहे?' (यकृताने हाताळलेलं बिलिरुबिन ते डायरेक्ट, हाताळायचं राहिलेलं ते इनडायरेक्ट.) ०.४. यकृताची दुसरी चाचणी, एसजीपीटी? नॉर्मल. 'आदल्या दिवशी काय खाल्लंस?'

'नवरात्र चालू आहे ना. नऊ दिवस उपवास. दिवसभर काही नाही, रात्री राजगिऱ्याचा लाडू आणि दूध.'

त्या लाडवाकडे परत येऊ. आधी रिपोर्टवर आकडा ठळक कशामुळे होतो, ते पाहू.

रिपोर्टच्या उजव्या रकान्यात एक मर्यादा छापलेली असते, तिच्याबाहेरचा आकडा ठळक होतो. पण ती निसर्गाने आखलेली रेघ नव्हे. ती ठरवण्याची सर्वमान्य रीत अशी: किमान १२० निरोगी माणसं घ्यायची, त्यांचं रक्त तपासायचं, आकडे चढत्या क्रमाने मांडायचे. सगळ्यात खालचे तीन आणि सगळ्यात वरचे तीन बाजूला काढायचे. उरलेला पट्टा म्हणजे मर्यादा. आता ती बाजूला काढलेली सहा माणसंही निरोगीच होती. त्यांना काही झालेलं नव्हतं, तरी त्यांचा आकडा ठळक छापला जाणार. शंभरांतली पाच निरोगी माणसं बाहेर पडतील अशीच या चाळणीची भोकं आहेत. राल्फ ग्रासबेक आणि निल्स-एरिक सारिस या फिनलंडच्या संशोधकांनी १९६९ मध्ये म्हणूनच 'नॉर्मल व्हॅल्यू' हा शब्द सोडून 'रेफरन्स व्हॅल्यू' म्हणायला सुचवलं. रिपोर्टवर तो शब्द आला, आपल्या बोलण्यात मात्र 'नॉर्मल'च राहिलं.

आता 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिराती आठवा. जितक्या जास्त चाचण्या, तितकं पॅकेज भारी. एका चाचणीत निरोगी माणूस रेघेच्या आत असण्याची शक्यता ९५ टक्के. वीस चाचण्या एकमेकींशी संबंध नसलेल्या आहेत असं धरलं, तर वीसही आकडे आत राहण्याची शक्यता फक्त ३६ टक्के उरते. प्रत्यक्षात हिमोग्लोबिन, पीसीव्ही, आरबीसी ही तांबड्या पेशींच्या मोजमापांची भावंडं एकत्रच वरखाली होतात, त्यामुळे हिशेब इतका कडक लागत नाही. तरी साठ-सत्तर आकड्यांच्या रिपोर्टमध्ये एकही अक्षर ठळक नसेल, तर मला आश्चर्य वाटतं.

काही वेळा तर आकडा तुमच्याबद्दल बोलतच नसतो, नळीबद्दल बोलत असतो. डेंग्यूच्या दिवसांत हे फार जाणवतं. प्लेटलेट मोजण्याचं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. ते गोठू नये म्हणून तिच्यात ईडीटीए नावाचं रसायन असतं. थोड्या लोकांच्या रक्तात अशी प्रतिद्रव्यं (अँटीबॉडी) असतात की ईडीटीएच्या सान्निध्यात प्लेटलेट एकमेकींना चिकटून त्यांचे गठ्ठे होतात. यंत्राला गठ्ठा म्हणजे प्लेटलेट हे कळत नाही, ते पुढे जातं आणि दोन लाखांच्या जागी चाळीस हजार छापतं. घरात पपईच्या पानांचा रस सुरू होतो. काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की गठ्ठे स्पष्ट दिसतात. आकाशी टोपणाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, की बहुतेकदा प्लेटलेट जागेवर येतात.

पोटॅशियमचंही असंच. पेशीच्या आत ते बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट असतं. शीर सापडावी म्हणून दंडावरचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला, मूठ पुन्हापुन्हा मिटायला लावली, किंवा रक्त ओढताना पेशी फुटल्या, तर आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्टवर मूत्रपिंडाचा आजार उमटल्यासारखा दिसतो.

आणि केसांसाठी घेतात त्या बायोटिनच्या गोळ्या! दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅम, गोळीत १० मिलिग्रॅम, म्हणजे तीनशेपट. ज्या यंत्रांतल्या रसायनात बायोटिन वापरलेलं असतं, तिथे ही गोळी थायरॉइडच्या चाचण्यांत टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त दाखवू शकते. थायरॉइड धडधाकट, रिपोर्ट मात्र थायरॉइड उसळल्याचा. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला, तेव्हा एका मृत्यूचीही नोंद होती. हृदयविकार ओळखण्याची ट्रोपोनिन चाचणी बायोटिनमुळे चुकीची कमी आली होती. रक्त देताना 'कुठली औषधं चालू आहेत' या प्रश्नाला लोक 'काही नाही' म्हणतात. केसांची गोळी त्यांच्या लेखी औषध नसतेच.

मग मोबाइलवर शोधलं की नेमकं वाईटच का सापडतं? मायक्रोसॉफ्टच्या रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ यांनी २००८ मध्ये हेच तपासलं. डोकेदुखीचा शोध घेतल्यावर मिळालेल्या पानांत कॉफी सुटल्याने होणारी डोकेदुखी आणि मेंदूतली गाठ यांना जवळपास सारखीच जागा मिळाली होती. प्रत्यक्षात मेंदूची गाठ वर्षाला दहा हजारांत एखाद्याला होते, आणि सकाळचा चहा-कॉफी चुकून डोकं धरणारी माणसं प्रत्येक घरात आहेत. पण चहा चुकल्यावर कोण लेख लिहितो? शोधयंत्र मजकूर आणि क्लिक मोजतं, रुग्ण मोजत नाही.

यात फक्त सामान्य माणूसच फसतो असंही नाही. १९७८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटा प्रयोग छापून आला. हार्वर्डच्या रुग्णालयांतले ६० डॉक्टर आणि विद्यार्थी यांना एक कोडं घातलं होतं. आजार हजारांत एकाला होतो, चाचणी निरोग्यांपैकी पाच टक्क्यांना चुकून आजारी ठरवते. तर पॉझिटिव्ह आलेल्याला खरोखर आजार असण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त लोकांनी ९५ टक्के सांगितलं. हजार माणसं डोळ्यांसमोर आणा: पन्नास खोटे पॉझिटिव्ह, एक खरा. म्हणजे ५१ मध्ये एक, दोन टक्के. बरोबर उत्तर ६० पैकी ११ जणांनाच आलं.

म्हणून काहीही लक्षण नसताना पॅकेजमध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठीची सीए-१२५ सारखी चाचणी घुसवलेली पाहिली, की माझं डोकं फिरतं. तिची मर्यादा ३५. पाळीच्या दिवसांत, गर्भाशयात फायब्रॉइडच्या साध्या गाठी असतील तर, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं) असेल तर ती सहज ओलांडली जाते. आणि चाचणीच्या नावापुढे कंसात 'कर्करोग' लिहिलेला असतो. ती बाई झोपणार कशी?

खऱ्या घाईसाठी प्रयोगशाळेत एक निराळीच यादी असते. लॉस एंजेलिसचे पॅथॉलॉजिस्ट जॉर्ज लुंडबर्ग यांनी १९७२ मध्ये ती कल्पना मांडली आणि तिला चक्क 'पॅनिक व्हॅल्यू' म्हटलं. पोटॅशियम साडेसहाच्या वर, प्लेटलेट वीस हजारांच्या खाली, असे आकडे आले की आम्ही पीडीएफची वाट पाहत नाही, डॉक्टरांना थेट फोन करतो. भाच्याला मी हे सांगितलं, पण त्याचा अर्थ नेमका काय तेही सांगितलं: फोन आला नाही म्हणजे आजार नाही असं नव्हे, परवापर्यंत थांबायला हरकत नाही इतकंच. डोळे पिवळे, लघवी गडद, ताप, पोटात दुखणं, वजन उतरणं यांतलं काही असतं, तर मी परवापर्यंतही थांबू दिलं नसतं.

आता तो राजगिऱ्याचा लाडू. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं आणि यकृतातलं एक विकर (एन्झाइम) त्याची विल्हेवाट लावतं. काही लोकांत हे विकर जन्मतः मंद असतं, नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच काम करतं. फ्रान्सच्या ऑगस्टिन गिल्बर्ट यांनी १९०१ मध्ये वर्णिलेली ही अवस्था 'गिल्बर्ट सिंड्रोम' म्हणून ओळखली जाते. यकृताला तिचा त्रास नाही. फक्त उपवास, ताप, जागरण, दगदग झाली, की बिलिरुबिन दुप्पट-तिप्पट होतं आणि वाढतं ते इनडायरेक्ट. पूर्वी निदानासाठी लोकांना मुद्दाम एक-दोन दिवस जवळपास उपाशी ठेवून पाहत. भाच्याने तो प्रयोग देवीच्या नावाने केला होता.

डॉक्टरांनी तेच म्हटलं. दसऱ्यानंतर पोटभर जेवणं सुरू झाल्यावर पुन्हा तपासलं, १.४ आलं. कागदावर अजूनही ठळकच आहे आणि बहुधा कायम राहील. १.४ हा त्याचा स्वतःचा आकडा. जुने रिपोर्ट फेकायचे नाहीत ते यासाठी.

शेजारच्या काकूंनी फेकले नव्हते. गुडघ्यासाठी त्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून घेत होत्या. मूत्रपिंडाचं काम घटलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन या वर्षी १.०, मर्यादा १.१, सगळं छान म्हणून त्यांनी कागद घडी करून ठेवला होता. मी सहज मागची फाइल चाळली, तर गेली चार वर्षं तो आकडा ०.६ होता. इतकी वाढ म्हणजे मूत्रपिंडाचं गाळण्याचं काम बरंच घटलेलं. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, महिन्याने ०.७ आलं. दोन्ही रिपोर्टवर एकही आकडा ठळक नव्हता.